कागद फायलीत आहे, पण डॉक्टर हो म्हणत नाहीत

पत्र:

नमस्कार. मी मूळची साताऱ्याची. लग्नानंतर नेदरलँड्सला आले, आता ॲमस्टलव्हीनमध्ये असते. नवरा डच आहे. सासूबाई ७९ वर्षांच्या, हार्लेमला एकट्या राहतात. दीड वर्षापूर्वी त्यांना अल्झायमरचं निदान झालं.

सासरे गेल्यावर, २०११ साली, त्यांनी एक कागद सही करून ठेवला होता: 'मला डिमेन्शिया झाला, मी मुलांना ओळखेनाशी झाले आणि नर्सिंग होममध्ये जायची वेळ आली, तर मला इच्छामरण हवं.' त्यांच्या आईची शेवटची वर्षं तशीच गेली होती, ते त्यांनी जवळून पाहिलं होतं. कागदाची प्रत त्यांच्या फॅमिली डॉक्टरकडे, इथल्या भाषेत हाउसआर्ट्सकडे आहे. गेल्या महिन्यात मी आणि नवरा त्या डॉक्टरबाईंना भेटलो. त्या म्हणाल्या, 'कागद माझ्या फायलीत आहे. पण त्यांना स्वतःला काही सांगता येईनासं झाल्यावर मी हे करीन असं मला वाटत नाही. वचन तर देऊच शकत नाही.' नवरा जाम चिडला. म्हणतो, कायदा आहे, कागद आहे, मग या बाई कोण नाही म्हणणाऱ्या? गरज पडली तर आईला बेल्जियमला नेऊ.

नणंदेचं म्हणणं वेगळंच. आई आता मजेत आहे, कशाला विषय काढता? आणि खरंच, सासूबाई कॉफीच्या कपावर स्ट्रोपवाफल, म्हणजे आत पाक भरलेली इथली गोड वाफल, ठेवून ती मऊ व्हायची वाट बघत बसतात, मध्येच हसतात. एखाद्या दिवशी मात्र माझा हात धरून विचारतात, 'तो कागद आहे ना नीट?' दुसऱ्या दिवशी त्यांना कुठला कागद तेच आठवत नाही.

मी सून, त्यातून परकी. मी यात बोलावं का? डॉक्टर घाबरट आहेत का? आणि साताऱ्याहून आई फोनवर म्हणते, 'तुमच्याकडे बरंय, सुई टोचली की सुटका. माझ्यासाठीही तसं काही लिहून ठेव.' तिला काय सांगू?

– एक सून, ॲमस्टलव्हीन

उत्तर:

तुमच्या डॉक्टरबाई घाबरट नाहीत. माझ्या मते तर त्यांनी तुमच्यावर उपकार केलेत. सासूबाई अजून बोलत्या आहेत, कागदाची आठवण त्यांना अधूनमधून का होईना येते आहे, अशा वेळी त्यांनी आपलं मन स्पष्ट सांगितलं. 'बघू, वेळ आली की ठरवू' असं गोड बोलून त्यांनी दोन वर्षं काढली असती, आणि नर्सिंग होमच्या दारात तुम्हाला कळलं असतं की त्या हे करणार नाहीत, तर तुमच्या हातात काहीच उरलं नसतं. आत्ता अजून बरंच काही उरलंय.

आधी तुमच्या नवऱ्याचा गैरसमज. तो एकट्याचा नाही, तिथल्या पुष्कळ डच कुटुंबांचाही आहे. १ एप्रिल २००२ पासून लागू झालेल्या कायद्यानं तिथं इच्छामरणाचा हक्क दिला, असं सगळे धरून चालतात. प्रत्यक्षात दंडसंहितेचं कलम २९३ जागच्या जागी आहे. दुसऱ्याच्या विनंतीवरून त्याचा जीव घेणं हा आजही गुन्हाच आहे, आणि त्याला १२ वर्षांपर्यंत कैद आहे. कायद्यानं इतकंच केलं की डॉक्टरनं ठरावीक अटी पाळून हे केलं आणि स्वतःहून कळवलं, तर त्याला शिक्षा नाही. विनंती रुग्णाची स्वतःची आणि विचारपूर्वक हवी, यातना असह्य आणि सुधारण्याच्या पलीकडच्या हव्यात, दुसरा रास्त मार्ग शिल्लक नसावा, आणि एका स्वतंत्र डॉक्टरनं रुग्णाला प्रत्यक्ष भेटून मत द्यायला हवं. या अटी पुऱ्या झाल्या आहेत याची खात्री स्वतः त्या डॉक्टरला पटायला हवी. मुलाला पटून भागत नाही. आणि सगळं पटूनही डॉक्टर नाही म्हणू शकतो, त्याला कुणी भाग पाडू शकत नाही.

म्हणजे सासूबाईंचा कागद ही परवानगी आहे. तो हुकूम नाही.

प्रत्यक्षात काय होतं तेही डोळ्यांपुढे आणा. तिथं होणाऱ्या दर पाच इच्छामरणांपैकी जवळपास चार फॅमिली डॉक्टरच्या हातून होतात, बहुतेक वेळा रुग्णाच्या घरीच. डॉक्टर औषधं घेऊन येतात, घरचे पलंगाभोवती असतात. सगळं झाल्यावर डॉक्टरच महापालिकेच्या शववैद्याला फोन करतात, तो घरी येऊन पाहणी करतो. मग कागदपत्रं विभागीय परीक्षण समितीकडे जातात. अशा ५ समित्या आहेत. वकील, डॉक्टर आणि नीतिशास्त्राचा जाणकार बसून डॉक्टरनं अटी पाळल्या की नाही हे तपासतात. उत्तर येईपर्यंत काही आठवडे जातात, आणि तेवढ्यात त्या डॉक्टरच्या दवाखान्यात सर्दी-खोकल्याचे, गुडघेदुखीचे, लशींचे पेशंट चालूच असतात. आपण 'सुई टोचली' म्हणतो ते इतकं सोपं नाही.

या कायद्याची गोष्टच मुळी एका फॅमिली डॉक्टरपासून सुरू होते. खेरट्रौडा पोस्टमा या डॉक्टरबाईंनी १९७१ साली स्वतःच्या आईला मॉर्फिनचं इंजेक्शन दिलं. आई पक्षाघातानंतर नर्सिंग होममध्ये होती, मला जगायचं नाही असं वारंवार सांगत होती. १९७३ मध्ये लेउवार्डनच्या न्यायालयानं पोस्टमांना दोषी ठरवलं, पण शिक्षा दिली एका आठवड्याची, तीही स्थगित. तेव्हापासून आजवर तिथल्या पुष्कळ डॉक्टरांनी हा प्रश्न लपवला नाही, की त्यापासून पळही काढला नाही. अशा पेशातल्या बाईंना घाबरट म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

मग स्मृतिभ्रंश आला की हेच डॉक्टर का थांबतात? २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका डच पाहणीत डॉक्टरांना विचारलं होतं: कोणत्या रुग्णाच्या बाबतीत आपण ही विनंती मान्य करू, अशी कल्पना तुम्ही करू शकता? कर्करोग म्हटल्यावर १०० पैकी ८५ जण हो म्हणाले. सुरुवातीच्या डिमेन्शियाला ४०. आजार पुढं गेलेला, रुग्णाला आता बोलून सांगता येत नाही पण कागद आहे, असं म्हटल्यावर जेमतेम ३०. आणि प्रत्यक्ष आकडे त्याहून बोलके आहेत. २०२३ मध्ये नेदरलँड्समध्ये ९,०६८ जणांनी इच्छामरण घेतलं, त्यात डिमेन्शियाचे ३३६. त्यातले ३२८ आजाराच्या सुरुवातीच्या काळातले, ज्यांना आपण काय मागतोय हे कळत होतं आणि सांगता येत होतं. निव्वळ जुन्या कागदाच्या आधारे, आजार पुढं गेल्यावर झालेली किती? आठ. अख्ख्या देशात, वर्षभरात.

हा आठाचा आकडा तुमच्या नवऱ्याला नक्की सांगा. कागद आहे म्हणून निर्धास्त असलेली माणसं तिथं हजारोंनी आहेत.

न्यायालयानं तर दार मोकळं केलंय, मग डॉक्टर आत का जात नाहीत, असं कुणी विचारेल. २०१६ सालचं हेगमधल्या एका नर्सिंग होमचं प्रकरण तुमच्या सासरी सगळ्यांना ठाऊक असेल. ७४ वर्षांच्या बाई, अल्झायमर, आधी लिहिलेला कागद. कागदात मात्र 'मला योग्य वाटेल तेव्हा' अशी भाषा होती. नर्सिंग होममध्ये विचारलं की कधी त्या मरायचं म्हणायच्या, कधी म्हणायच्या, आत्ता नको, अजून तितकं वाईट नाही. डॉक्टरांनी त्यांना न सांगता कॉफीत गुंगीचं औषध घातलं. इंजेक्शन चालू असताना बाई उठू लागल्या, घरच्यांनी त्यांना धरलं. परीक्षण समितीनं डॉक्टरांवर ठपका ठेवला, प्रकरण फौजदारी न्यायालयात गेलं, सप्टेंबर २०१९ मध्ये डॉक्टर निर्दोष सुटल्या. २१ एप्रिल २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की रुग्णाला आता सांगता येत नसलं तरी आधीच्या लेखी विनंतीवर डॉक्टर कृती करू शकतो. कागदाचा अर्थही नुसता शब्दशः लावायचा नाही, त्यामागची इच्छा बघायची. कायद्याचा घोळ तिथं बराचसा मिटला.

डॉक्टरांच्या मनातला मिटला नाही. हे प्रकरण गाजत असतानाच, २०१७ मध्ये, २०० हून अधिक डॉक्टरांनी वर्तमानपत्रात सह्यांनिशी जाहिरात दिली होती. ज्या माणसाला काय चाललंय ते कळत नाही आणि जो हो-नाही म्हणू शकत नाही, त्याला नकळत इंजेक्शन देणं आम्हाला जमणार नाही, असा तिचा आशय. सह्या करणाऱ्यांत इच्छामरणाचे विरोधक म्हणून ओळखले जाणारेच होते असं नाही. कर्करोगाच्या रुग्णाला हा मार्ग देणारेही त्यात होते.

मला त्यांचं म्हणणं समजतं. कर्करोगाच्या रुग्णाशी डॉक्टर महिनोन् महिने बोलतात. शेवटच्या दिवशीही विचारतात, नक्की ना? रुग्ण डोळ्यांत बघून हो म्हणतो. त्या होकाराच्या बळावर डॉक्टरचा हात चालतो. डिमेन्शियात ज्या बाईनं २०११ मध्ये सही केली, तिला असं जगणं नको होतं. आणि आज समोर बसलेल्या बाईला स्ट्रोपवाफल हवी आहे. दोघी एकच, पण डॉक्टरला इंजेक्शन द्यायचंय ते या दुसरीला. यातना असह्य आहेत हे त्यांनी कुणाला विचारायचं? मुलाला विचारलं तर मुलगा स्वतःच्या यातना सांगतो. तो मुद्दाम करत नाही, ते त्याचं त्यालाही वेगळं काढता येत नाही. इंजेक्शन देताना तिनं हात मागं ओढला, तर तो आजाराचा भाग की नकार?

मी स्वतः फॅमिली डॉक्टर होते, एका तालुक्याच्या गावी. आपल्याकडे असा कायदा नव्हता आणि नाही, पण प्रश्न होताच. म्हाताऱ्या माणसाला तपासून मी बाहेर पडले की थोरला मुलगा पायऱ्या उतरून स्कूटरपर्यंत यायचा आणि हळूच म्हणायचा, 'मॅडम, आता काही जास्त करू नका.' कुणी खरंच बापाच्या हालांनी कळवळलेला असायचा. कुणाची रजा संपत आलेली असायची. बऱ्याच जणांचं दोन्ही असायचं. वेगळं कसं करणार? हार्लेमच्या डॉक्टरबाईही समोर बसलेल्या मुलाकडे बघून हाच हिशेब करत असणार. तुमचा नवरा तावातावानं बोलला असेल, तर तो हिशेब त्यांनी आणखी बारकाईनं केला असेल. कागद दाखवून दबाव आणणारे नातेवाईक या डॉक्टरांना नवीन नाहीत.

बेल्जियमचा बेत सोडून द्या. तिथला कायदाही २००२ चाच, पण तिथं आधी लिहिलेला कागद चालतो तो फक्त माणूस कायमचा बेशुद्धीत गेला तर. डिमेन्शियाच्या रुग्णाला तिथंही स्वतः, समज असताना, मागावं लागतं. उलट या बाबतीत डच कायदाच सैल आहे.

आता करायचं काय. पहिलं म्हणजे डॉक्टरकडे परत जायचं, पण या वेळी सासूबाईंना घेऊन. तुम्ही दोघं त्यांच्या माघारी गेलात, तिथंच घोडं अडलं. तिथल्या दवाखान्यात नेहमीची वेळ १० मिनिटांची असते, ती पुरणार नाही. दुहेरी वेळ मागून घ्या. दिवस बघून जा. त्यांचं मन सकाळी लख्ख असतं की दुपारी, हे तुम्हाला माहीत असेलच. आणि खोलीत गेल्यावर बोलायचं त्यांनी, तुमच्या नवऱ्यानं गप्प बसायचं. हे त्याला जड जाईल, आधीच कबूल करून घ्या. निम्मा वेळ तर डॉक्टर आणि सासूबाई दोघीच बसल्या तर उत्तम. डॉक्टरला खात्री मिळते ती अशा बोलण्यातून. 'आईची फार इच्छा आहे' हे मुलाकडून दहादा ऐकून मिळत नाही.

सासूबाईंना विचारायचे प्रश्न साधे हवेत. तुम्हाला आता काय कठीण जातंय? कशाची भीती वाटते? आईचं काय बघितलंत तेव्हा? नर्सिंग होम म्हटलं की डोळ्यांपुढं काय येतं? आणि एक प्रश्न डॉक्टरच विचारतील, तुम्ही मध्ये पडू नका: तुम्हाला मुलं ओळखू येईनाशी झाली, पण तुम्ही हसत असाल, जेवत असाल, तर? हा प्रश्न क्रूर वाटेल, पण सगळी मेख इथं आहे. २०११ च्या कागदात याचं उत्तर नाही. त्या जे म्हणतील ते त्यांच्याच शब्दांत, आजची तारीख घालून लिहून ठेवा. कागद जुना आणि ठरीव मजकुराचा असला की डॉक्टरला त्यात माणूस दिसत नाही. 'मुलाचं नाव विसरले तर चालेल, पण मला कुणी लंगोट बदलताना मी ओरडत असेन तर नको' असं एखादं वाक्य असेल, तर डॉक्टरला त्याचा आधार असतो. बोलताना साधं व्हिडिओ चित्रण केलं तरी चालतं. त्याला कागदाची जागा मिळत नाही, पण पुढं डॉक्टरला बाई दिसते, ऐकू येते. हे सगळं दर काही महिन्यांनी पुन्हा करायचं, आणि त्यांचं मत बदललं तर बदललेलं लिहायचं. तेवढी तयारी तुमच्या नवऱ्याची हवी.

दुसरं, आणि हे लिहिताना मलाही जड जातंय. डॉक्टरबाईंनी जे सांगितलं त्याचा सरळ अर्थ असा की सासूबाईंना हे खरोखर हवं असेल, तर ते त्यांना समजतंय तोवरच होईल. डच लोक याला 'बाराला पाच मिनिटं कमी' म्हणतात. अजून बरे दिवस हातात असताना जायचं, कारण थांबलं तर मागण्याची ताकदच निघून जाते. वर सांगितलेले ३२८ जण असेच गेले. फार निर्दय सौदा आहे हा. कितीतरी माणसं या टोकाशी येतात, नातवाचा वाढदिवस होऊ दे म्हणतात, उन्हाळा जाऊ दे म्हणतात, आणि वेळ टळून जाते. मला त्यात चूक दिसत नाही. जगावंसं वाटणं हेही त्यांचंच उत्तर आहे. पण हा सौदा सासूबाईंना माहीत आहे का? की कागद आहे म्हणजे सगळं मार्गी लागलं, अशा भरवशावर त्या आहेत? 'तो कागद आहे ना नीट' या त्यांच्या प्रश्नावर 'हो, आहे' एवढंच सांगून त्यांना शांत करणं मला बरोबर वाटत नाही. डॉक्टरांनी त्यांना हे समजावून सांगायला हवं. सौम्यपणे, पण सांगायला हवं.

त्या म्हणाल्या की मला हवंय आणि आत्ताच्या टप्प्यातच हवंय, तर डॉक्टरांना थेट विचारा: सुरुवातीच्या टप्प्यात तुम्ही कराल का? तुमच्या पत्रावरून त्यांचा नकार पुढच्या टप्प्यापुरता दिसतो. पहिल्यालाही नकार असेल तर दुसऱ्या डॉक्टरचं नाव मागा. तत्त्वानं नको असेल तर वेळेवर सांगावं आणि रुग्णाला दुसऱ्याकडे जायला मदत करावी, असं तिथल्या डॉक्टरांच्या राष्ट्रीय संघटनेचंही सांगणं आहे. हेगला इच्छामरणाचं तज्ज्ञ केंद्र आहे. २०१२ मध्ये 'जीवनान्त क्लिनिक' अशा नावानं ते सुरू झालं, पुढं नाव बदललं. स्वतःच्या डॉक्टरला जमत नाही अशांची प्रकरणं ते बघतात. पण तिथले डॉक्टरही त्याच अटींनी बांधलेले आहेत, आणि त्यांना सासूबाईंची नव्यानं ओळख करून घ्यावी लागेल. त्याला वेळ लागतो. नर्सिंग होममध्ये नंबर लागल्यावर या केंद्राकडे धावण्यात अर्थ नाही.

नर्सिंग होमवरून आठवलं. हे बहुतेकांना उशिरा कळतं. सासूबाई तिथं गेल्या की साधारणपणे त्या या डॉक्टरबाईंच्या पेशंट राहणार नाहीत. तिथले वृद्धांचे डॉक्टर त्यांना बघतील. फाइल तिकडे जाईल, कागद जाईल, पण इतक्या वर्षांची ओळख बरोबर जाणार नाही. नवीन डॉक्टरला समोर दिसेल ती फक्त स्ट्रोपवाफलवाली बाई. म्हणून तसं ठरण्याची चिन्हं दिसली की जुन्या डॉक्टरांना नव्या डॉक्टरांशी फोनवर बोलायची विनंती करा. कागदाबरोबर त्यांच्या आठवणीही पोचू देत.

तिसरी गोष्ट तुमच्या पत्रात कुठंच नाही, आणि मला ती सगळ्यांत महत्त्वाची वाटते. इच्छामरणाच्या कागदाला डॉक्टर नाही म्हणू शकतो. उपचार नाकारल्याच्या कागदाला सहसा म्हणू शकत नाही. 'मला न्यूमोनिया झाला तर प्रतिजैविकं नकोत, दवाखान्यात हलवू नका, नळीनं अन्न नको, हृदय थांबलं तर छाती दाबू नका' असं समज असताना लिहून दिलं, तर पुढं ती समज गेल्यावरही डॉक्टरला ते पाळावं लागतं, सबळ कारण असल्याशिवाय मोडता येत नाही. डिमेन्शियाच्या शेवटच्या टप्प्यात बहुतेक माणसं जातात ती न्यूमोनियानं, गिळता न आल्यानं, खाणंपिणं कमी होत जाऊन. त्या वेळी वेदना आणि धाप कमी करायची, बाकी निसर्गाच्या आड यायचं नाही, हे तुमच्या डॉक्टरबाई मनापासून करतील, त्यांना त्यात अडचण नाही. सासूबाईंना ज्याची भीती आहे, आईसारखं वर्षानुवर्षं खेचलं जाणं, त्यातलं बरंच यानं टळू शकतं. आणि आपलं म्हणणं मांडायला त्यांनी तुमच्या नवऱ्याला लेखी नेमून ठेवावं. उपचारांबाबत त्याला त्यांच्या वतीनं बोलता येईल. इच्छामरण मात्र आईच्या वतीनं मुलाला मागता येत नाही.

तुमची नणंद. ती चूक आहे असं मी म्हणणार नाही. आई मजेत आहे, हे तिनं पाहिलेलं खरं आहे. कागद विसरा म्हणते तिथं मात्र ती आईची जागा घेते आहे, आणि कागद दाखवून डॉक्टरशी भांडतो तिथं तिचा भाऊ आईची जागा घेतो आहे. दोघं एकाच दुःखाचे दोन हट्ट धरून बसलेत. त्यांच्यात पंच होऊ नका. दोघांनाही त्या दुहेरी वेळेला घेऊन जा आणि आईला बोलताना ऐकू दे.

तुम्ही बोलावं का, म्हणून विचारलंत. सासूबाई कागदाचं कुणाला विचारतात? मुलाला विचारत नाहीत, लेकीलाही नाही. हात धरतात तो तुमचा. पोटच्या मुलांना विचारलं तर ती कोलमडतील हे त्यांना अजूनही उमजतं, असं मला वाटतं. त्यामुळे परकी वगैरे सोडा. पुढच्या वेळी त्यांनी विचारलं तर लगेच धीर देऊ नका. विचारा, 'का हो, आज आठवण झाली?' आणि त्या काय म्हणाल्या ते त्याच संध्याकाळी तारखेनिशी लिहून ठेवा. तुमच्या मताची कुणाला गरज नाही. त्यांच्या शब्दांची आहे.

राहिली तुमची आई. तिला सांगा की भारतात सुई टोचण्याला परवानगी नाही, आणि लवकर होईल असं दिसत नाही. पण ती जे मागते आहे त्यातला मोठा भाग तिला मिळू शकतो. मुंबईच्या केईएममधल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात २०११ साली सर्वोच्च न्यायालयानं जीवनरक्षक उपचार थांबवायला काही अटींवर मोकळीक दिली. ९ मार्च २०१८ च्या निकालानं आधी लिहून ठेवलेल्या वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता मिळाली. जानेवारी २०२३ मध्ये प्रक्रिया सोपी झाली: दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही. उपचार थांबवायची वेळ आली की दवाखान्याची एक आणि तिच्यावर दुसरी अशा दोन वैद्यकीय मंडळांची संमती लागते. गोव्यात तर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी स्वतःचं इच्छापत्र सगळ्यांत आधी नोंदवलं. तेव्हा साताऱ्यात वकील गाठा, कागद करा, एक प्रत नगरपालिकेत कुणाकडे द्यायची ते विचारा, एक प्रत आईच्या डॉक्टरांना द्या. आणि पुढच्या सुट्टीत आलात की त्या डॉक्टरांच्या समोर बसून आईला एकदा विचारा, तिला नेमकं काय नकोय. 'सुटका' म्हणून भागायचं नाही, आपल्याकडच्या डॉक्टरलाही तपशील लागतो.

हार्लेमची वेळ मात्र सुट्टीपर्यंत थांबवू नका. उद्या सकाळी दवाखाना उघडला की फोन करा, आणि वेळ सासूबाईंच्या नावावर घ्या, तुमच्या नको.